ईआरपी घेतलं, तरी वही सुटत नाही: कुपवाडच्या एका कारखानदाराच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत तुमचं मशीन शॉप आहे. कास्टिंग बाहेरच्या फाउंड्रीतून येतं, तुम्ही मशीनिंग करता, प्लेटिंग आणि हार्डनिंग जॉबवर्कला, म्हणजे मजुरीवर करून घ्यायला, बाहेर देता आणि तयार माल पुण्या-कोल्हापूरकडच्या ग्राहकांना जातो. साठेक माणसं. दीड वर्षापूर्वी ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि बिलं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घेतलं. त्यात बिलिंग आणि जीएसटी नीट चालतं, बाकी सगळं वहीत. शनिवारी एक मुलगा आठवड्याची वही पुढ्यात घेऊन एंट्र्या मारतो. दरम्यान ग्राहकानं शेड्यूल बदललं, तर ते मशीनवरच्या माणसापर्यंत पोचायला तीन-तीन दिवस लागतात आणि तोवर नको असलेला माल तयार होऊन बसतो. वडील म्हणतात, कार्डेक्स (साठ्याची हातानं लिहायची कार्डं) होतं तेव्हा बरं चाललं होतं. एका सल्लागारानं ‘अजाईल’, म्हणजे बदलाला चटकन वळणारा कारखाना, होण्याचा काही महिन्यांचा कार्यक्रम सुचवलाय. आता सॉफ्टवेअर बदलू, माणसं बदलू की सल्लागार घेऊ, असं तुम्ही विचारताय.

तूर्त तिन्हींपैकी काहीच करू नका. मी आधी प्रॉडक्शन प्लॅनिंगला होतो आणि आता बरीच वर्षं सांगली, मिरज, पलूस, इस्लामपूर भागातल्या कारखान्यांत अशी सॉफ्टवेअर बसवून देतो. त्या अनुभवावरून सांगतो, तुम्ही दोन वेगळी दुखणी एकाच पिशवीत घातली आहेत. एक, बातमी उशिरा पोचते. दोन, नोंद उशिरा होते. दुसरं बरं झालं की पहिलं आपोआप बरं होईल असं तुम्ही धरून चालला आहात. तसं होत नाही.

पहिल्यापासून सुरू करू. ग्राहकाचं शेड्यूल बदललं ही बातमी तुमच्याकडे कुणाच्या मोबाइलवर येते? बहुतेक तुमच्या किंवा मार्केटिंगवाल्याच्या व्हॉट्सअॅपवर. तिथून ती प्लॅनिंगला, मग सुपरवायझरला, मग सेटरला (मशीनचं सेटिंग लावणाऱ्याला) आणि शेवटी ऑपरेटरला. मागच्या महिन्यातले असे तीन बदल घ्या आणि प्रत्येकापुढे कुठल्या तारखेला, किती वाजता, कुणाकडे होतं एवढंच लिहून काढा. मी हे जिथं जिथं केलंय तिथं बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसली. प्रवासाला वेळ लागतच नाही, निरोप एखाद्या टेबलावर बसून राहतो. आणि ते टेबल बहुधा मालकाचं असतं. सुपरवायझरला सकाळीच कळलेलं असतं, पण ‘साहेबांना विचारल्याशिवाय सेटिंग मोडायचं नाही’ असा अलिखित नियम असतो. साहेब बँकेत, नाहीतर पुण्याला ग्राहकाकडे. ते परत येईपर्यंत मशीन जुनाच माल काढत राहतं.

इथं कुठलंही सॉफ्टवेअर काय करणार? फार तर तुमच्या मंजुरीची वाट बघत असलेली गोष्ट लाल अक्षरांत दाखवेल.

म्हणून आधी ठरवायचं ते हे, की कुठला निर्णय कुणी न विचारता घ्यायचा. एका ठिकाणी आम्ही साधा नियम केला होता. पुढच्या लॉटचं सेटिंग अजून सुरू झालं नसेल तर सुपरवायझरनं स्वतः क्रम बदलायचा आणि प्लॅनिंगला सांगायचं. सेटिंग झालंय पण लॉट अर्ध्याच्या आत आहे, तर प्लॅनिंगनं ठरवायचं. अर्ध्याच्या पुढे गेला असेल तर तो पूर्ण करायचा, फक्त पैसे मोठे अडकत असतील तर मालकांना फोन. हा नियम कागदावर लिहून मशीनजवळ लावला. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील, पण नियम लिहिलेला असावा आणि त्याखाली वडिलांची सही असावी. वडिलांची म्हणजे वडिलांचीच, तुमची नाही. तुमच्या कारखान्यात अजून लोक कुणाकडे बघतात हे तुमच्या प्रश्नातूनच कळतंय.

आता नोंदीकडे येऊ. तुमच्याकडे बिलिंग का चालतं याचा विचार केलात का? ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. आयआरएन (सरकारी पोर्टलवरून मिळणारा बिलाचा क्रमांक) आणि क्यूआर कोड आल्याशिवाय बिल ग्राह्य नाही, ई-वे बिलाशिवाय (राज्यातल्या राज्यात एक लाखावरचा, राज्याबाहेर पन्नास हजारांवरचा) माल सहसा गेटबाहेर काढता येत नाही. म्हणजे बिल करणाऱ्या माणसानं एंट्री केली की त्याला त्याच क्षणी काहीतरी हातात मिळतं आणि नाही केली तर गाडी उभी राहते. स्टोअरकीपरनं एंट्री केली तर त्याला काय मिळतं? संध्याकाळी उशीर. आणि महिन्याअखेरीला स्टॉक जुळला नाही म्हणून बोलणी. त्यानं वही ठेवली तर निदान ‘हे काय इथं लिहिलंय’ म्हणून दाखवता तरी येतं.

१९८९ साली फ्रेड डेव्हिस या अमेरिकी संशोधकानं नेमका हाच विषय तपासला होता. माणूस नवी संगणक-प्रणाली वापरेल की नाही हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं, ती त्याला स्वतःच्या कामाला उपयोगी वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का. त्यातही उपयोगी वाटण्याचं वजन जास्त निघालं. यातला ‘स्वतःच्या कामाला’ हा भाग मालक लोक विसरतात. कंपनीला उपयोगी आहे हे सांगून स्टोअरकीपर हलत नाही.

लांब जायला नको, आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडचे द्राक्ष बागायतदार. २००३ मध्ये युरोपात कीटकनाशकांच्या अंशांवरून भारतीय द्राक्षं अडचणीत आली आणि त्यानंतर अपेडानं (शेतमाल निर्यातीची केंद्र सरकारची संस्था) ग्रेपनेट ही इंटरनेटवरची नोंद-व्यवस्था आणली. बागेच्या प्लॉटची कृषी खात्याकडे नोंदणी, मग नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, मग पॅकहाउस, मग प्रमाणपत्रं, अशी सगळी साखळी एका नोंदणी क्रमांकाला बांधलेली. कॉम्प्युटर कधी न हाताळलेल्या माणसांनी हे स्वीकारलं. का? क्रमांक नसेल तर माल युरोपला जात नाही आणि युरोपचा दर मिळत नाही. नोंद करणाराच नफा घेणारा होता.

या गोष्टीचा पुढचा भाग मात्र कमी लोक सांगतात. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्याचे, अंश सापडले आणि आपले कंटेनर युरोपात अडकले. नोंदणी होती, अहवाल होते, पण तपासायच्या रसायनांच्या यादीत ते रसायनच नव्हतं. व्यवस्था तिला जे विचारायला सांगितलंय तेवढंच विचारते. तुमच्या ईआरपीत रिजेक्शनच्या कारणांची यादी उघडून बघा. मी पैज लावतो, सगळ्यात जास्त नोंदी ‘इतर’ खाली असतील. कारण ती यादी सॉफ्टवेअरवाल्यानं दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्यातून उचलून आणलेली असते. तुमच्या मशीनवर माल का फुकट जातो हे ज्याला माहीत आहे त्याला, म्हणजे तुमच्या इन्स्पेक्शनच्या माणसाला बसवून ती यादी नव्यानं करा. ब्लो होल, साइज अंडर, बोअर ओव्हल, जे शब्द तो बोलतो तेच घाला.

सुरुवात कुठून करायची? मी जॉबवर्कच्या चलनांपासून करा म्हणेन. प्लेटिंग-हार्डनिंगला गेलेला माल किती दिवस बाहेर आहे हे आज तुम्हाला नक्की सांगता येणार नाही आणि तिथं तुमचे पैसे बसलेत. शिवाय कायदाही मागे लागलेला आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला माल एका वर्षाच्या आत परत यायला हवा, भांडवली वस्तू तीन वर्षांत. नाही आला तर पाठवल्या दिवशीच तो विकला असं धरलं जातं आणि कर व्याजासकट भरावा लागतो. डाय, जिग, फिक्स्चर, टूल यांना ही मुदत लागू नाही. आयटीसी-०४ हा जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचा फॉर्म ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना सहा महिन्यांनी आणि त्याखालच्यांना वर्षातून एकदा भरायचा असतो. बारकावे तुमच्या सीएंना विचारा. मला सांगायचंय ते एवढंच, की ही माहिती तुम्हाला एरवीही गोळा करावीच लागते, आणि आज ती ऑक्टोबरात आणि एप्रिलमध्ये चलनांचे गठ्ठे उपसून गोळा होते. दिवसाला दहा-पंधरा एंट्र्यांचंच काम आहे, ते गेटवर होतं आणि एकच माणूस करतो. त्याला रोज सकाळी ‘पंधरा दिवसांच्या वर कुणाकडे काय अडकलंय’ ही एका पानाची यादी छापून द्या. प्लेटिंगवाल्याला फोन करायला त्याच्या हातात काहीतरी आलं की तो एंट्री चुकवत नाही. हे मी वारंवार बघितलंय.

यानंतर स्टोअर. तिथं तुमचा स्टॉक कधीच न जुळण्याचं एक कारण मी न बघता सांगू शकतो. कास्टिंग येतं किलोवर आणि तुम्ही ते मशीनवर देता नगावर. फाउंड्रीच्या एका हीटमधलं (एका वेळी वितळवलेल्या धातूतलं) कास्टिंग दुसऱ्या हीटपेक्षा थोडं जड-हलकं असतंच. सॉफ्टवेअरमध्ये एका नगाचं वजन ठोकळ भरलेलं असलं की दर आवकेला फरक साठत जातो आणि वर्षाअखेरीला ‘सॉफ्टवेअर चुकतंय’ अशी ओरड होते. आवक होतानाच वजन आणि नग दोन्ही लिहायचे, बिल वजनावर आणि साठा नगावर ठेवायचा. तेच आयटम कोडचं. एकच बेअरिंग तीन नावांनी तीन कोडवर असतं. हे साफ करण्याचं काम कंटाळवाणं आहे, ते कुणी बाहेरचा करून देणार नाही, आणि ते झाल्याशिवाय नवं सॉफ्टवेअर घेतलं तर तोच कचरा नव्या घरात जाईल. सगळा स्टॉक एका दिवशी मोजायचा घाट घालू नका. सगळ्यात महाग आयटम आधी घ्या, रोज थोडे मोजा आणि फरक दिसला की त्याच दिवशी कारण शोधा. वर्षातून एकदा मोजणाऱ्याला फक्त फरक कळतो, कारण कळत नाही.

आता वडिलांचं. ते कार्डेक्सबद्दल बोलतात त्यात तथ्य आहे. कार्डेक्सचं कार्ड त्या रॅकपाशीच असायचं, माल काढणारा तिथंच लिहायचा, आणि पुढच्याला शिल्लक लगेच दिसायची. तुमच्या ईआरपीत तोच माणूस वहीत लिहितो, आकडा शनिवारी आत जातो आणि शिल्लक फक्त ऑफिसात दिसते. म्हणजे तुम्ही कार्डेक्सपेक्षा हळू व्यवस्था जास्त पैशांत विकत घेतलीत.

यावर पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञानं १९९० मध्ये मांडलेली एक गोष्ट मशीन शॉपवाल्यांना चटकन पटते. जुन्या कारखान्यांत छताला एक लांब शाफ्ट असायचा, तो वाफेच्या इंजिनावर फिरायचा आणि पट्ट्यांनी खालची सगळी मशीन चालायची. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं वीज केंद्र १८८२ ला सुरू झालं, पण कारखान्यांच्या उत्पादकतेत मोठी उडी दिसली ती १९२० च्या दशकात. मधली चार दशकं बहुतेकांनी काय केलं? वाफेचं इंजिन काढून तिथं मोठी मोटर बसवली. शाफ्ट तोच, पट्टे तेच, मशीनची मांडणीही शाफ्टच्या सोयीची. प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर आली, मशीन कामाच्या ओघाप्रमाणे मांडता आली, तेव्हा फायदा झाला. तुमचा शनिवारचा मुलगा हा तो शाफ्ट आहे. एंट्री जिथं काम होतं तिथं न्या: गेटवर एक कॉम्प्युटर, स्टोअरमध्ये एक, इन्स्पेक्शनला साधा मोबाइल. मुलाला हवं तर फरक शोधायच्या कामावर लावा, तो आकड्यांत तयार असेल.

एक गोष्ट मात्र तुम्हालाच करावी लागेल आणि ती सगळ्यात जड जाते. फोन करून ‘किती झाले रे?’ विचारणं बंद करा. मालक तोंडी विचारतो, सुपरवायझर वहीत बघून तोंडी सांगतो आणि सगळ्यांचं भागतं. मग स्क्रीनवरचा आकडा कुणासाठी? सकाळी शिफ्ट सुरू होताना दहा मिनिटं मशीनपाशी उभ्यानंच मीटिंग घ्या आणि त्यात फक्त सिस्टिममध्ये असलेल्या आकड्यांवर बोला. आकडा चुकीचा आहे असं कुणी म्हणालं तर वाद नको, तिथंच उभं राहून तो दुरुस्त करून घ्या. सुरुवातीचे काही आठवडे रोज आकडे चुकतील आणि तुमचा संयम सुटेल. तरीही वहीवर जाऊ नका. वही बंद करा असंही म्हणू नका, म्हटलं की ती लपून चालते. तिच्यातून कुणी काही विचारत नाही हे लक्षात आलं की लिहिणाराच कंटाळतो.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर आधी निर्णयाचे अधिकार, मग गेटवरची चलनं, मग आवक आणि स्टोअर, आणि मालकाचा फोन बंद. मशीनवरचं प्रॉडक्शन बुकिंग, म्हणजे कुठल्या मशीनवर किती नग झाले याची नोंद, यानंतर.

परिस्थितीवर अवलंबून काय आहे तेही सांगायला हवं. तुमच्याकडे दोन ग्राहकांचे चार-पाच पार्ट महिनोन्महिने चालत असतील, तर एवढा खटाटोप नको. एक पांढरा फळा आणि चलनांची शिस्त पुरे. शंभर-दीडशे पार्ट आणि छोटे लॉट असतील तरच रोजच्या नोंदीचा खर्च वसूल होतो. कास्टिंग ग्राहकच पुरवत असेल तर तुम्ही स्वतः जॉबवर्कर आहात, आणि वर सांगितलेल्या परतीच्या मुदती उलट्या बाजूनं तुमच्यावर चालतात. त्यांचा हिशेब वेगळा ठेवा. तुमची फर्म भागीदारीत आहे की प्रायव्हेट लिमिटेड, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं आणि ती बंद करता न येणं बंधनकारक आहे. शनिवारी बसून मागच्या तारखांच्या एंट्र्या फिरवण्याची सवय तिथं ऑडिटरला दिसते.

कधी सुरू करायचं, याबद्दल माझं मत ठाम आहे. आपल्याकडे सगळ्यांना १ एप्रिल हवा असतो. अकाउंट्ससाठी ठीक आहे, पण स्टोअर आणि प्रॉडक्शन त्या दिवशी सुरू करू नका, कारण मार्चमध्ये तुमची माणसं डिस्पॅच काढून दमलेली असतात. दसरा-दिवाळीच्या आधीचे दोन महिनेही नकोत. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीनं १९९९ च्या जुलैत नवी प्रणाली एका झटक्यात सुरू केली आणि हॅलोविनच्या ऐन हंगामात गोदामात माल असूनही दुकानांना पोचवता आला नाही. त्यांच्याकडे पैसा होता, ते सावरले. आपल्या आकाराच्या कारखान्याचा एक ग्राहक गेला तरी सावरणं अवघड.

सल्लागारांच्या ‘अजाईल’बद्दल माझं मन कडवट नाही. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या लिहाय विद्यापीठाच्या आयकोका इन्स्टिट्यूटनं कारखान्यांसाठी ही कल्पना मांडली, आणि २००१ मध्ये सतरा सॉफ्टवेअरवाल्यांनी युटामध्ये बसून आपला जाहीरनामा लिहिला. त्यातलं घेण्यासारखं म्हणजे छोटा तुकडा करा, वापरणाऱ्याला दाखवा, तो काय म्हणतो ते ऐकून पुढचा तुकडा बदला. वर सांगितलेला चलनापासूनचा क्रम त्याच पद्धतीचा आहे. रंगीत चिठ्ठ्यांची भिंत आणि इंग्रजी नावांच्या बैठका तुमच्या सेटरला परक्या वाटतील. सल्लागार घ्यायचाच तर त्याला पहिला आठवडा ऑफिसात बसू देऊ नका, गेटवर बसवा. तो तयार नसेल तर तिथंच निकाल लागला.

आणि सॉफ्टवेअर बदलायचा प्रश्न. चलनं आणि स्टोअर नीट चालू झाल्यावर, साधारण दोन तिमाहींनी, तो पुन्हा विचारा. तोवर दोनच गोष्टी तपासून ठेवा. तुमचा सगळा डेटा, आयटम मास्टरसकट (वस्तूंच्या कोडची मूळ यादी), एक्सेलमध्ये तुमचा तुम्हाला काढता येतो का? येत नसेल तर वार्षिक देखभालीचे पैसे भरण्याआधी तो लेखी मागा, नंतर कुणी फोन उचलत नाही. दुसरं, बॅकअप कुठं आहे? ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा सांगलीत तळमजल्यावरच्या कॉम्प्युटरबरोबर शेजारच्या कपाटातली बॅकअपची हार्ड डिस्कही बुडाली अशी ऑफिसं मी बघितली आहेत. कुपवाड उंचावर आहे, पण तुमचे अकाउंटंट कुठं बसतात? क्लाउडवर जा असं मी सरसकट म्हणणार नाही. तुमच्या गल्लीत इंटरनेट दिवसातून चारदा जात असेल तर गेटवरचा माणूस पुन्हा वहीकडेच जाईल. रोजचा बॅकअप गावाबाहेर जाणं मात्र आवश्यक.

माणसं बदलायची का, याचं उत्तर मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण त्यासाठी अजून माहिती हवी. मागच्या महिन्यातल्या तीन शेड्यूल-बदलांचा तो तक्ता करा आणि ग्राहकाचं नाव, दर झाकून इथं टाका. निरोप कुणाच्या टेबलावर किती तास पडून होता हे दिसलं की स्टोअरकीपरचा दोष किती आणि तुमच्या केबिनचा किती, यावर पुढं बोलू.